दुसऱ्यांदा उभा राहिलेला खांब

सोलापूरच्या एका महाविद्यालयात तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या एका अध्यापकांच्या अभ्यासिकेत, साहित्यसमीक्षेच्या पुस्तकांच्या खालचा एक कप्पा गेल्या काही वर्षांत हळूहळू भरत गेला. वरच्या कप्प्यांतील ग्रंथ त्यांच्या व्यवसायाचे होते: सौंदर्यशास्त्र, शैलीविचार, चिन्हमीमांसा, देशीवादावरील वादविवाद. खालचा कप्पा व्यवसायाचा नव्हता. दख्खनच्या मध्ययुगाचा इतिहास, तेथील वास्तू, चित्रे आणि लिप्या यांविषयी गेल्या पाव शतकात जे नवे ललितेतर लेखन झाले, ते या कप्प्यात येऊन बसले. मिशेल आणि झेब्रोव्स्की यांचा दख्खनी सुलतानांच्या वास्तुकलेवरील व चित्रकलेवरील १९९९ सालचा ग्रंथ, रिचर्ड ईटन यांचे आठ व्यक्तींच्या चरित्रांतून दख्खनचा सामाजिक इतिहास सांगणारे २००५ सालचे पुस्तक, डेबोरा हटन यांचा विजापूर दरबाराच्या कलेवरील २००६ सालचा अभ्यास, ईटन आणि फिलिप वॅगनर यांनी मिळून लिहिलेला २०१४ सालचा 'पॉवर, मेमरी, आर्किटेक्चर', प्राची देशपांडे यांचा मोडी लिपी व लेखनव्यवहार यांवरील २०२३ सालचा 'स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर' अशी ही मालिका आहे. हे सर्व ग्रंथ इंग्रजीत आहेत, आणि त्यांतील बहुतेकांचा विषय अध्यापकांच्या घरापासून एका दिवसात जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरावरचा आहे.

या पुस्तकांकडे ते वळले ते कुतूहलाने नव्हे. ते वळले ते स्वतःच्या एका जुन्या वाक्याचा माग काढण्यासाठी.

सोलापूरहून विजापूर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. त्या शहराचे अधिकृत नाव २०१४ पासून विजयपूर असले, तरी सोलापूरकरांच्या तोंडी अजून विजापूरच आहे. वाटेत टाकळीजवळ भीमा ओलांडली की राज्य बदलते, पाट्यांवरील लिपी बदलते. माणसांची बोलणी मात्र दोन्ही तीरांवर दोन्ही भाषांत चालू असतात. अध्यापक दरवर्षी पदव्युत्तर वर्गाची सहल विजापूरला नेत असत. गोलघुमट, इब्राहिम रोजा, जामा मशीद असा क्रम ठरलेला असे, आणि अखेरीस अर्ककिल्ल्याच्या दक्षिण दरवाजापाशी सर्वजण थांबत. तेथे दरवाजाच्या आतील ओवऱ्यांत जुन्या देवळांचे खांब उभे आहेत. घोटीव, कातीव, चालुक्य घडणीचे हे खांब. काहींवर अकराव्या शतकातील कन्नड लेख. या खांबांसमोर उभे राहून अध्यापक दरवर्षी एकच वाक्य उच्चारीत: "हे खांब म्हणजे दगडात लिहिलेले पराभवाचे वाक्य आहे." वाक्य नेटके होते. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेत. काहींनी ते पुढे स्वतःच्या निबंधांतही वापरले.

एका वर्षी एका विद्यार्थिनीने त्या खांबावरील लेखाकडे बोट दाखवून विचारले, "सर, हे या लेखात लिहिलंय का?" प्रश्नात उपहास नव्हता. लेखात काय आहे हे तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. अध्यापकांना कन्नड बोलता येत होते, थोडे वाचताही येत होते. पण अकराव्या शतकातील कन्नड अक्षरवटिका त्यांना वाचता येत नव्हती. त्यांनी उत्तर दिले ते असे की, लेखात काय आहे याला महत्त्व नाही, खांब येथे आणला गेला यालाच महत्त्व आहे. संहितेचे सूक्ष्म वाचन हा ज्यांच्या अध्यापनाचा मुख्य आग्रह, त्या माणसाने समोरची संहिता न वाचता तिचा अर्थ सांगितला होता. ही विसंगती त्या दिवशी कोणाच्या लक्षात आली नाही. त्यांच्या स्वतःच्या लक्षात ती आली बऱ्याच वर्षांनी, निवृत्तीनंतर, ईटन-वॅगनर यांच्या ग्रंथातील विजापूरविषयीचे विवेचन वाचताना.

या ग्रंथाची मांडणी थोडक्यात अशी आहे. १३०० ते १६०० या कालखंडातील दख्खनचा राजकीय इतिहास प्रायः राजधान्यांच्या दृष्टीने लिहिला गेला: विजयनगर, गुलबर्गा, बीदर, विजापूर. लेखकद्वयाने नजर वळवली ती दुय्यम ठाण्यांकडे, म्हणजे कल्याणी, रायचूर आणि वरंगळ यांच्याकडे. ही ठाणी सतत एका सत्तेकडून दुसऱ्या सत्तेकडे जात राहिली. आणि प्रत्येक नव्या धन्याला तेथे आधीच्या धन्याने उभारलेल्या वास्तूंचे काय करायचे, हा प्रश्न पडला. पाडायच्या, सोडून द्यायच्या, दुरुस्त करायच्या, की उचलून दुसरीकडे मांडायच्या? या निवडींतून एक स्मृतीचे राजकारण दिसते, असे लेखकांचे प्रतिपादन आहे. त्यातील सर्वांत धाडसी भाग सोळाव्या शतकाविषयीचा आहे. कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य बाराव्या शतकाच्या अखेरीस संपले. पण त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी त्यांच्या नावाला नवी प्रतिष्ठा आली. विजयनगरचा सूत्रधार रामराय आपल्या कुळाचा संबंध चालुक्यांशी जोडीत होता. आणि त्याच सुमारास विजापूरचे आदिलशाही सुलतानही आपल्या बालेकिल्ल्यात चालुक्यांचे खांब मांडीत होते. एकाच वारशासाठी दोन प्रतिस्पर्धी सत्तांनी चालवलेली ही ओढाताण होती. म्हणजे अर्ककिल्ल्याच्या दरवाजातील खांब ही देवळे फोडल्याची फुशारकी नव्हे. आपण या भूमीच्या प्राचीन सम्राटांचे वारस आहोत, असा तो दावा आहे. लेख असलेले खांब दर्शनी जागी उभे केलेले आहेत, याकडेही ते लक्ष वेधतात.

अध्यापकांना हे वाचून प्रथम राग आला, हे नमूद केले पाहिजे. तीस वर्षे वापरलेले वाक्य कोणी हातातून काढून घेतले की येतो तसा तो राग होता. पण त्या रागात एक रास्त शंकाही होती. गेल्या काही दशकांत दख्खनी सुलतानांची एक सौम्य, रसिक, समन्वयशील प्रतिमा इंग्रजी लेखनात रूढ झालेली आहे. 'किताब-ए-नौरस'मध्ये सरस्वतीचे आणि गणपतीचे स्मरण करणारा दुसरा इब्राहिम आदिलशहा या प्रतिमेचा नायक असतो. प्रतिमा खोटी नाही. परंतु ती फार सोयीची आहे. तेव्हा पराभवाच्या एका नेटक्या वाक्याच्या जागी वारशाचे दुसरे नेटके वाक्य ठेवले जात नाही ना, ही शंका घेऊनच ते पुढे वाचू लागले.

या शंकेची खरी कसोटी लागते ती एका माणसाच्या दोन कृतींपाशी. १३२३ साली दिल्लीच्या तुघलक घराण्याचा राजपुत्र उलुघखान याने वरंगळ जिंकले. काकतीयांच्या राजधानीच्या मध्यभागी असलेले स्वयंभू शिवाचे भव्य देऊळ त्यानंतर जमीनदोस्त झाले, आणि त्याच परिसरात मशीद उभी राहिली. देवळाच्या चार दिशांची चार तोरणे तेवढी राखली गेली. ती आजही उभी आहेत, आणि २०१४ साली निर्माण झालेल्या तेलंगण राज्याने आपल्या बोधचिन्हासाठी त्यांचीच आकृती निवडली. हाच उलुघखान पुढे महंमद तुघलक म्हणून दिल्लीच्या तख्तावर आला. १३२६ सालचा, म्हणजे शके १२४८ चा, एक संस्कृत शिलालेख कल्याणीत सापडलेला आहे. तेथील मधुकेश्वराच्या देवळाला बंडाळीत उपद्रव झाला व पूजा खंडित झाली. तेव्हा सुलतानाच्या स्थानिक अधिकाऱ्यांनी ते देऊळ पूर्ववत करण्याची आणि पूजा पुन्हा सुरू करण्याची व्यवस्था केली, असा त्याचा आशय आहे. एकच राज्यकर्ता, तीन वर्षांचे अंतर, आणि परस्परांना छेद देणाऱ्या दोन कृती.

ईटन यांचे स्पष्टीकरण त्यांच्या २००० सालच्या मंदिरविध्वंसविषयक निबंधापासून परिचित आहे. वरंगळचे देऊळ हे शत्रुराजाच्या सार्वभौमत्वाचे अधिष्ठान होते; राजा आणि त्याचे राष्ट्रदैवत यांचा संबंध तोडल्याशिवाय राज्य जिंकणे पुरे होत नव्हते. कल्याणीचे देऊळ मात्र जिंकून झालेल्या प्रदेशातील प्रजेचे होते. ते चालू ठेवणे हा राज्यव्यवस्थेचा भाग होता. पहिली कृती युद्धाच्या व्याकरणातील, दुसरी प्रशासनाच्या. हे स्पष्टीकरण प्रभावी आहे, आणि पुष्कळ अंशी पुराव्याला धरूनही आहे. परंतु ते सिंहासनाच्या उंचीवरून केलेले आहे. वरंगळच्या देवळात रोज दिवा लावणाऱ्याला, तेथे नवस फेडायला आलेल्या कुणबिणीला या दोन व्याकरणांतील भेद कसा कळावा? तिच्यापुरते देव गेले, एवढेच खरे. तिचा शिलालेख नाही. विध्वंसामागे राजकीय तर्क होता असे सिद्ध झाल्याने विध्वंस लहान होत नाही, आणि तर्क होता हे नाकारल्यानेही तो मोठा होत नाही. अध्यापकांनी ग्रंथाच्या समासात पेन्सिलीने लिहिले: 'हेतू कळला. अनुभव?' नव्या इतिहासलेखनाची ताकद आणि मर्यादा या दोन शब्दांच्या मध्ये आहे.

याच कप्प्यातील आणखी एका पुस्तकाने प्रश्नाला वेगळी कलाटणी दिली. रिचर्ड डेव्हिस यांच्या १९९७ सालच्या 'लाइव्ह्ज ऑफ इंडियन इमेजेस'मध्ये मूर्तींची चरित्रे आहेत: मूर्ती घडवली गेली तेव्हा तिचा जो अर्थ होता, तो तिच्या पुढील प्रवासात कसा बदलत गेला याचा हा शोध आहे. त्यात तमिळ प्रदेशातील दारासुरमच्या देवळात एकेकाळी असलेल्या एका द्वारपालाची कथा येते. या द्वारपालाची घडण चोळ नाही, ती चालुक्य आहे. आणि त्याच्या पायाशी एक तमिळ लेख कोरलेला आहे. कल्याणपुर जाळून चोळ राजाने हा द्वारपाल आणला, असे तो लेख सांगतो. हा राजा म्हणजे अकराव्या शतकातील पहिला राजाधिराज. येथे जिंकणारा शैव, हरणाराही शिवपूजक, आणि लुटलेली मूर्ती देवळाच्या दाराशीच. जेत्याने स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या हाताने, ही लूट आहे असे लिहून ठेवले.

या द्वारपालाशेजारी अर्ककिल्ल्याचा खांब ठेवून पाहिला म्हणजे काय दिसते? दोघेही चालुक्यांचे, दोघेही मूळ जागेवरून हललेले. द्वारपालावर नवा लेख आहे आणि तो विजयाची घोषणा करतो. खांबावर जुनाच लेख आहे; तो खोडलेला नाही आणि त्याच्या जागी दुसराही लिहिलेला नाही. साहित्यविचाराच्या परिभाषेत बोलायचे, तर दोन्ही ठिकाणी अवतरण आहे. दुसऱ्याच्या संहितेतील मजकूर आपल्या संहितेत आणणे ही क्रिया स्वतः निरर्थी असते. तिला अर्थ येतो तो अवतरणचिन्हांच्या आगेमागे जे लिहिलेले असते त्याने. उपहासासाठी अवतरण देता येते, आधारासाठी देता येते, खंडनासाठी देता येते. आंतरसंहितात्मकतेची चर्चा करणाऱ्या समीक्षकाला हे शिकवावे लागत नाही. तरीही दगडापाशी आल्यावर तो हे विसरतो. कारण दगडाचा अर्थ त्याने आधीच कोठून तरी उचललेला असतो.

परंतु अवतरण ही संकल्पना एवढ्यावर सोडली तर तीही एक नेटके वाक्यच होईल. अर्ककिल्ल्यातच, त्या दरवाजापासून जवळ, करीमुद्दीनची मशीद आहे. ती १३२० सालची, म्हणजे आदिलशाहीच्या स्थापनेच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीची. आणि तिच्यातही देवळांचे खांब आहेत. त्याच्याही दोन वर्षे आधी, १३१८ साली, कुतुबुद्दीन मुबारक खिलजीच्या काळात देवगिरीच्या पायथ्याशी मोठी जामा मशीद उभी राहिली. तिचेही खांब देवळांचे. त्या मशिदीत १९४८ पासून भारतमातेची मूर्ती आहे, हा तिच्या चरित्राचा पुढचा अध्याय. दिल्लीच्या सैन्यामागोमाग आलेल्या या पहिल्या पिढीच्या वास्तूंना सोळाव्या शतकातील चालुक्य-स्मरणाचा सिद्धान्त लावता येत नाही. तेथे जेत्याची घाई आहे, तयार दगडाची उपलब्धता आहे, आणि सत्तांतराचे प्रदर्शनही आहे. तेव्हा एकाच किल्ल्याच्या आवारात, हाकेच्या अंतरावर, वरकरणी सारखे दिसणारे खांब दोन वेगळ्या शतकांत दोन वेगळ्या हेतूंनी उभे राहिले असण्याची शक्यता आहे. अध्यापकांचे जुने वाक्य कदाचित मशिदीपाशी खरे ठरले असते. ते त्यांनी दरवाजापाशी उच्चारले होते.

तिसरी एक शक्यता त्यांच्या स्वतःच्या घरातच उभी होती. त्यांच्या वडिलांनी घर बांधले तेव्हा पेठेतील एका मोडलेल्या वाड्याचे सागवानी खांब आणि तुळया विकत आणल्या होत्या. ओसरीवरील चार खांबांपैकी एकावर कोण्या अनोळखी घराण्यातील गणपतीपट्टीचा खाचा अजून दिसतो. वाडा कोणाचा होता हे घरात कोणाला ठाऊक नव्हते, आणि कोणी विचारलेही नव्हते. लाकूड चांगले होते, स्वस्त मिळाले. त्यात विजय नव्हता, वारशाचा दावा नव्हता. गावोगावच्या गढ्यांच्या तटांत, विहिरींच्या थारोळ्यांत, पारांच्या बांधणीत वीरगळांचे आणि देवळांच्या शिळांचे जे तुकडे दिसतात, त्यांपैकी पुष्कळ असेच, गवंड्याच्या हिशेबाने तेथे गेलेले असतात. लूट, वारसा आणि सोय या तीन अर्थांपैकी कोणता लागू पडतो, हे खांब एकटा सांगू शकत नाही. जागा सांगते: दर्शनी की पायातली? संख्या सांगते, मांडणी सांगते; दगड उलटा बसवला की सुलटा, लेख राखला की छिलला, त्याच काळात त्याच धन्याने इतरत्र काय केले, हे सारे मिळून सांगते. ईटन आणि वॅगनर यांच्या ग्रंथाचे खरे मोल त्यांच्या निष्कर्षात नसून या सोशिक पद्धतीत आहे. निष्कर्ष उद्या बदलू शकेल. पद्धत मात्र वाचकाला आपल्या गावच्या तटापाशी नेऊन उभे करते.

या वाचनाला आणखी एक दुखरी बाजू आहे आणि ती भाषेची आहे. दख्खनच्या मध्ययुगाविषयी मूलगामी विचार मराठीतून होऊ शकतो, हे कोणाला सिद्ध करून दाखवण्याची गरज नाही. तो झालेला आहे. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेच्या खंडांना राजवाड्यांनी लिहिलेल्या प्रस्तावना, ग. ह. खरे यांनी संपादित केलेली साधने, शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१', शं. गो. तुळपुळे यांचा १९६३ सालचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' आणि रा. चिं. ढेरे यांचा १९८४ सालचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' ही काही उदाहरणे. सोलापूरपासून जवळच, भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथील शके ९४० चा मराठी शिलालेख प्रकाशात येण्यासाठी ज्यांनी उन्हातान्हात पायपीट केली, ती माणसेही विद्यापीठीय नव्हती. ढेरे यांच्या ग्रंथाचा ॲन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०११ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यानंतर जगभरच्या धर्माभ्यासकांना पंढरपूरच्या देवाची ती मीमांसा उपलब्ध झाली. मराठीतून इंग्रजीत जाणारा हा रस्ता अरुंद असला तरी वाहता आहे. उलट दिशेचा रस्ता मात्र फारसा रहदारीचा नाही. ईटन यांच्या आठ चरित्रांत तुकाराम आहेत, ताराबाई आहेत, मलिक अंबर आहे. नोव्हेत्झके यांचा २०१६ सालचा ग्रंथ तर 'लीळाचरित्र' आणि 'ज्ञानेश्वरी' यांच्याच आधारे देशभाषेच्या उदयाची मांडणी करतो. मराठीच्या वर्गात या ग्रंथांचा उल्लेख झाला तर तो नावापुरता होतो, आणि मराठी वाचकाला इतिहास भेटतो तो बहुधा कादंबरीतून.

अध्यापकांनी ईटन-वॅगनर यांच्या ग्रंथाचा परिचय मराठीत लिहायला घेतला, तेव्हा त्यांना या प्रश्नाचे आणखी एक अंग दिसले. जुन्या वास्तूचा भाग नव्या वास्तूत वापरण्याला युरोपीय कलेतिहासात एक रूढ संज्ञा आहे. तिचा मूळ लॅटिन अर्थ युद्धातील लूट असा आहे. म्हणजे ती संज्ञा घेतली की निवाडा शब्दातच झाला. 'पुनर्वापर' हा शब्द सरकारी परिपत्रकासारखा वाटतो, आणि तो सोयीच्या बाजूला झुकतो. 'जीर्णोद्धार' म्हणावे तर त्यात पुण्याची कल्पना आहे आणि वास्तू मूळ जागीच असल्याचे गृहीत आहे. शेवटी त्यांनी एका वडाराला विचारले. त्याने सांगितले, "जुना चिरा परत लावला, असं म्हणायचं." 'परत लावणे' या क्रियापदात निवाडा नाही, कोणी, कोठे, कशासाठी हे विचारायला त्यात जागा शिल्लक राहते. परिचयात त्यांनी तेच क्रियापद वापरले. परिभाषेचा प्रश्न कोशात बसून सुटतोच असे नाही, हे मराठी समीक्षेला नवे नाही; पण ते पुन्हा ध्यानात घेण्यासारखे आहे.

प्राची देशपांडे यांच्या ग्रंथाने त्यांना आणखी एका ठिकाणी गाठले. मोडी ही केवळ एक जलद लिपी नव्हती. कारकुनी कौशल्य, हिशेब, पत्राचे मायने, अधिकाराची भाषा यांची ती एक संपूर्ण लेखनसंस्कृती होती. 'मेस्तक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोथ्यांतून कारकुनांना तिचे शिक्षण मिळत असे. फार्सी आणि मराठी एकाच कागदावर नांदत असलेले आदिलशाही दस्तऐवज याच संस्कृतीतून निपजले. बालबोध लिपीने छापखाना आणि शाळा व्यापली, आणि विसाव्या शतकात मोडी हद्दपार झाली. अध्यापकांच्या घरातील ट्रंकेत आजोबांनी जपलेले दोन मोडी कागद आहेत. ते कशाविषयी आहेत हे त्यांना माहीत नाही. मराठीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम तीस वर्षे शिकवलेल्या माणसाला त्याच्या आजोबांची मराठी वाचता येत नाही, आणि ज्या शहराविषयी तो वाक्ये रचीत आला त्या शहराचे कन्नड लेखही वाचता येत नाहीत. दोन्ही संहिता त्याच्यापुरत्या नुसत्या चित्रासारख्या. मग भूतकाळाविषयीचा त्याचा आत्मविश्वास कशातून आला होता? तो आला होता इतरांनी रचलेल्या वाक्यांतून, आणि त्याने तो पुढच्या पंचवीस-तीस तुकड्यांच्या हाती सोपवला होता. हे पुस्तक वाचून खाली ठेवले तेव्हा त्यांना अपराधी वाटले नाही. पण मागील सहलींचे जे एक समाधान होते, ते उरले नाही.

इतिहास आणि कथन यांचे नाते सांगताना हेडन व्हाइटचे नाव घेणे समीक्षेच्या वर्गात आता शिरस्त्याचे झाले आहे. इतिहासकारही कथानक रचतो, रूपके वापरतो, हे त्यातून विद्यार्थी शिकतात, आणि त्यावरून अनेकदा असा चुकीचा निष्कर्ष काढतात की सर्व कथने सारख्याच योग्यतेची असतात. अर्ककिल्ल्याचा खांब या निष्कर्षाच्या आड येतो. त्याच्याविषयी एकापेक्षा अधिक कथने संभवतात हे खरे. पण वाटेल ते कथन संभवत नाही. त्याच्यावर लेख आहे, त्या लेखाला काळ आहे, खांबाला जागा आहे, जागेला धनी होता. कथन या गोष्टींना उत्तरदायी असते. विजापूरच्याच दरबारात सतराव्या शतकाच्या आरंभी रफीउद्दीन शिराझी या इराणी इतिहासकाराने वेरूळच्या लेण्यांचे वर्णन फार्सीत लिहिले. कार्ल अर्न्स्ट यांनी त्यावर लिहिलेल्या निबंधात असे दाखवले आहे की, शिराझीने ती लेणी मूर्तिपूजेचा कलंक म्हणून पाहिली नाहीत. प्राचीन राजांचे स्मारक म्हणून पाहिली आणि आपल्या इराणी परंपरेतील स्मारकांच्या चौकटीत बसवली. त्याचे तपशील चुकले असतील. पण परकी संहिता समोर आल्यावर तिच्यापाशी थांबण्याची तयारी त्याच्याकडे होती.

गेल्या हिवाळ्यात अध्यापक पुन्हा विजापूरला गेले. या वेळी वर्ग नव्हता. धारवाडकडे शिकलेले आणि शिलालेख वाचू शकणारे एक जुने स्नेही बरोबर होते. दरवाजाच्या ओवरीत दुपारी तिरपे ऊन येते, तेव्हा अक्षरांच्या खाचा उठून दिसतात. स्नेही एकेक ओळ बोटाने चालवीत वाचू लागले: राजाची बिरुदे, दंडनायकाचे नाव, देवाला दिलेली जमीन, दान मोडणाऱ्याला शाप. दानलेखांचा हा ठरलेला साचा. त्यात पराभवाचा शब्द नव्हता, आणि असणेही शक्य नव्हते. लेख कोरला गेला तेव्हा तो पराभव शतकानुशतके पुढे होता. वारशाचाही शब्द नव्हता. होते ते एवढेच की, अमुक मत्तर जमीन देवाच्या अंगभोगासाठी आणि येथे शिकणाऱ्यांच्या अन्नासाठी दिली आहे, आणि ती कोणी मोडू नये. ती मोडली गेली हे आसपासच्या दगडांवरून दिसतच होते. आणि मोडल्यानंतर कोणीतरी हे अक्षर सुलट बाजूने, वाचता येईल अशा उंचीवर पुन्हा उभे केले, हेही दिसत होते.

त्या वर्षीच्या विद्यार्थिनीला हे कळवावे असे अध्यापकांना परतीच्या वाटेवर वाटले. तिचा पत्ता त्यांच्यापाशी नाही. मराठीतील ग्रंथपरिचय मात्र त्यांनी पुरा केला आहे. त्याच्या अखेरीस, ग्रंथाच्या गुणदोषांची चर्चा संपल्यावर, त्यांनी दोन वाक्ये घातली आहेत: अर्ककिल्ल्याच्या दक्षिण दरवाजात चालुक्यकालीन खांब परत लावलेले आहेत. त्यांतील काहींवर कन्नड दानलेख असून ते वाचता येतात.